आई जेवली

एकदा एक शिष्य आपल्या गुरूवर भर देवळात रागावला. मनातल्या मनात सगळेच शिष्य रागावतात, त्यात नवल काही नाही. हा मोठ्याने रागावला, आणि तोही पाहुण्यांसमोर.

डोंगरमाथ्यावर वज्रांक नावाच्या वीराचं देऊळ होतं. त्या दिवशी दूरच्या नगरातला एक व्यापारी सहकुटुंब दर्शनाला आला होता. नैवेद्याचं ताट केळीच्या पानाने झाकून ठेवलेलं, आणि ऊन असं की सभामंडपाच्या फरशीवर पाय ठरत नव्हता. मध्यान्ह टळून गेली तरी नैवेद्य दाखवणाऱ्या वृद्ध पुजाऱ्यांचा, म्हणजे आपल्या शिष्याच्या गुरूंचा, पत्ता नाही. गाव त्यांना नुसतं ‘बाबा’ म्हणत असे. व्यापाऱ्याची लहान मुलगी भुकेने किरकिर करू लागली, तेव्हा शिष्य तरातरा पायऱ्या उतरून खाली गावात गेला.

बाबा एका झोपडीच्या ओसरीवर मांडी घालून बसले होते. समोर अंबूआजी नावाची बोळकी म्हातारी दुधात कुस्करलेली भाकरी खात होती. खात कसली होती, एक घास आणि एक गोष्ट असं चाललं होतं. बाबा ऐकत होते आणि मधूनच म्हणत होते, ‘‘हं, मग?’’

‘‘बाबा, वर पाहुणे खोळंबलेत,’’ शिष्य म्हणाला.

‘‘हो हो, येतो,’’ बाबा म्हणाले आणि जागचे हलले नाहीत.

म्हातारीने शेवटचा घास गिळला, पाणी प्यायली, ताटात हात धुतला, तेव्हा कुठे बाबा उठले. वर आल्यावर त्यांनी पाय धुतले, गाभाऱ्यात जाऊन मूर्तीच्या कानाशी तोंड नेलं आणि हळूच म्हणाले, ‘‘आई जेवली.’’ मगच नैवेद्यावरचं पान दूर झालं.

तेव्हा शिष्याचा तोल गेला. ‘‘एका म्हातारीच्या जेवणापायी तुम्ही देवाला ताटकळत ठेवता? कानात दोन शब्द सांगायचे, तेवढाच तर विधी आहे! ते सांगायला गावात जाऊन बसावं लागतं का?’’

व्यापारी अवघडून दुसरीकडे पाहू लागला. बाबांना राग आला नाही. ते इतकंच म्हणाले, ‘‘देव थांबेल रे. त्याला सवय आहे.’’

आता हा वज्रांक कोण, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तो तुमच्या-माझ्या कुठल्याही पोथीत नाही. त्या डोंगरराज्यात मात्र त्याची कथा शेंबड्या पोरालाही पाठ असे.

त्या राज्यात रेखाई नावाची देवी होती. मूल जन्मलं की ती त्याच्या तळहातावर आयुष्याची रेघ ओढायची. एकदा ओढलेली रेघ तिला स्वतःलाही पुसता येत नसे. पुढे शोषासुर नावाचा दैत्य आला आणि त्याने त्या राज्याची एकुलती एक नदी पिऊन टाकली. विहिरी आटल्या, गुरं पटापट मरू लागली. तेव्हा वज्रांक नावाचा एका विधवेचा मुलगा रेखाईच्या दारी गेला आणि म्हणाला, ‘‘माझी रेघ लांब कर, म्हणजे मी या दैत्याशी लढतो.’’

देवी म्हणाली, ‘‘रेघ लांबवणं माझ्या हातात नाही. पण तुझा प्राण मी एखाद्या गोष्टीला बांधून ठेवू शकते. जगात रोज, न चुकता घडणारी एक गोष्ट सांग. ती घडत राहील तोवर तुझ्या अंगाला कुठलंही शस्त्र लागणार नाही.’’

वज्रांक विचारात पडला. सूर्य म्हणावा, तर शोषासुर उद्या सूर्यही गिळायचा. नदी तर डोळ्यांदेखत गेली होती. मग त्याला आपलं घर आठवलं. लहानपणापासून तो जेवून उठला की विचारायचा, ‘‘आई, तू जेवलीस का?’’ आणि आई म्हणायची, ‘‘जेवले की रे.’’ एकही दिवस ह्यात खंड पडला नव्हता. तो निःशंकपणे म्हणाला, ‘‘माझी आई रोज दुपारी जेवते. त्याला बांध.’’

म्हणतात की रेखाईने त्याच्याकडे फार वेळ पाहिलं. ‘‘तू तिला जेवताना पाहिलं आहेस ना?’’ असं तिने विचारलं. वज्रांक हसला आणि म्हणाला, ‘‘हे काय विचारणं झालं!’’ मग देवीने प्राण बांधला.

खरी गोष्ट अशी होती की त्याने तिला जेवताना कधीही पाहिलं नव्हतं. तो जेवून बाहेर पडायचा, मग ती उरलं असेल तर बसायची. पण हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. एवढा मोठा वीर, आणि घरातली इतकी साधी गोष्ट त्याला ठाऊक नव्हती! मला तर ही कथा सांगताना दर वेळी इथे त्याला गदागदा हलवावंसं वाटतं.

आईचं नाव इळाई. तिला त्याने यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर प्रत्येक घास तिच्या घशात अडकला असता, असं त्याला वाटलं. गावकऱ्यांना मात्र तो हात जोडून म्हणाला, ‘‘माझ्या आईला जेवायला घालत जा.’’ गाव हो म्हणालं, आणि गावाने शब्द पाळलाही. रोज कुणी ना कुणी तिच्या उंबऱ्यावर ताट ठेवून जाई.

सुरुवातीला ती जेवत होती. वज्रांकाच्या अंगावर बाण येत आणि गवताच्या काड्यांसारखे गळून पडत. शोषासुर खिळखिळा झाला. मग एक दिवस रणातून निरोप आला, की लढाई ऐन भरात आहे, वज्रांक एकटाच पुढे आहे. इळाईने देवीपुढे पदर पसरला, ‘‘माझं लेकरू सुखरूप येऊ दे. तो येईपर्यंत मी अन्नाला शिवणार नाही.’’ लेकाचा जीव वाचावा म्हणून तिने उपास धरला.

दुसऱ्या दिवशी ताट आलं. ‘‘ठेवा, मी मागून जेवते,’’ ती म्हणाली. ठेवणारी बाई ठेवून निघून गेली. आणि तिकडे मध्यान्ह टळताच शोषासुराचा भाला वज्रांकाच्या छातीत घुसला. त्याही अवस्थेत त्याने शेवटचा घाव घातला, दैत्य कोसळला, नदी सुटली. सोबत्यांनी वज्रांकाचं डोकं मांडीवर घेतलं. त्याने एकच विचारलं, ‘‘आई जेवली का?’’ कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिले आणि उत्तर मिळायच्या आत तो गेला.

नदीचं पाणी गावात पोचलं तेव्हा इळाई दारात बसली होती. पाणी पाहून ती म्हणाली, ‘‘जिंकला माझा पोरगा. आता तो आला की आम्ही दोघं बसू.’’ तिला खरं सांगायचा धीर कुणाला झाला नाही. ती वाट पाहत तशीच गेली.

तेव्हापासून त्या देवळातल्या मूर्तीचं मस्तक दाराकडे किंचित कललेलं आहे, काही ऐकायचं असल्यासारखं. आणि रोज नैवेद्याआधी पुजारी त्याच्या कानात सांगतो, की आई जेवली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओठांनी त्या दगडी कानाची पाळी झिजून गुळगुळीत झाली होती.

शिष्याला ही कथा अर्थातच ठाऊक होती. विधी कानात सांगण्याचा आहे, हेही ठाऊक होतं. बाबा रोज अंबूआजीपुढे जाऊन का बसतात, एवढंच त्याला उमगत नव्हतं. म्हातारपणी माणसाला गप्पांची खोड लागते, असं त्याने धरून ठेवलं होतं.

मग पावसाळा सरता सरता बाबांना ताप भरला आणि त्यांनी अंथरूण धरलं. देवळाचं सगळं शिष्यावर आलं. बाबा ग्लानीतच म्हणाले, ‘‘आधी अंबूआजीचं ताट. मग देव.’’

‘‘काळजी करू नका बाबा,’’ शिष्य म्हणाला, आणि त्याने हयगय केली असं कुणी म्हणू नये. तो रोज पहाटे उठून स्वतः रांधायचा. गरम भाकरी, वरण, भोपळ्याची भाजी, कधी गुळाचा खडा. मध्यान्हीच्या आधी ताट घेऊन तो खाली जायचा. अंबूआजी भिंतीला टेकून बसलेली असायची. तिचा एकुलता एक मुलगा, दौलत, सरहद्दीच्या गडावर शिपाई होता, आणि तिकडे चकमकी सुरू झाल्याची आवई गावात उठली होती.

‘‘ठेव लेकरा,’’ अंबूआजी म्हणायची. ‘‘मी मागून जेवते. तू जा, तुझा देव खोळंबला असंल.’’

शिष्याला हे ऐकून बरंच वाटायचं. चला, म्हातारीला तरी देवाची कदर आहे! तो ताट ठेवून भराभरा वर यायचा, मूर्तीच्या कानात सांगायचा, नैवेद्य दाखवायचा. सगळं वेळच्या वेळी. दुसऱ्या दिवशी जावं, तर कालचं ताट रिकामं, घासून भिंतीशी पालथं घातलेलं. आणखी काय पुरावा हवा होता त्याला? बाबा तापात विचारायचे, ‘‘आई जेवली?’’ आणि शिष्य म्हणायचा, ‘‘जेवली.’’ बाबा पुन्हा डोळे मिटून घ्यायचे.

बाबांचा ताप उतरला त्या सकाळी ते भिंतीला टेकून बसले आणि पेजेचा वाडगा हातात घेऊन सहज म्हणाले, ‘‘भाकरी नीट कुस्करून देतोस ना रे? दात नाहीत तिला.’’

शिष्याच्या हातातली पळी थांबली. म्हातारीला दात नाहीत, हे त्याला माहीतच नव्हतं. इतके दिवस तो तिला अख्खी भाकरी नेऊन देत होता.

‘‘जेवताना काय बोलते?’’ बाबांनी विचारलं. ‘‘दौलतच्या बारशाची गोष्ट सांगितली का? रोज सांगते ती.’’

बाबांनी वाडगा खाली ठेवला. अंगात त्राण नसताना ते उठले, शिष्याच्या खांद्यावर हात टाकून पायऱ्या उतरले.

झोपडीत अंबूआजी आडवी पडली होती. गालांची हाडं वर आली होती, ओठ सुकले होते. शेजारीण धावत आली. ‘‘बाबा, तुम्ही आलात का! ही काही तोंडात घालत नाही हो. म्हणते, लेक येईस्तोवर उपास आहे. ताट आलं की माझ्या शेळीपुढं सारते आणि घासून ठेवते. मी ओरडले, तर म्हणाली, त्या पोराला सांगू नको गं, त्याला वाईट वाटंल. एवढ्या मायेनं आणतो तो.’’

शिष्याने भिंतीशी पालथं घातलेलं कालचं ताट उचलून पाहिलं.

बाबांनी म्हातारीचं डोकं मांडीवर घेतलं. पेज मागवली. ‘‘अंबू, मी बसलोय समोर. घे बरं घोटभर.’’ तिने डोळे उघडले, बाबांना ओळखलं, कसनुशी हसली. बाबांच्या शब्दाखातर तिने दोन घोट घेतले. तिसरा तोंडातून बाहेर आला. ‘‘दौलत जेवला असंल का हो?’’ तिने विचारलं. ‘‘जेवला असेल,’’ असं बाबा म्हणाले नाहीत. ते म्हणाले, ‘‘मला ठाऊक नाही गं.’’ तिने मान हलवली. ऊन कलायच्या आत ती गेली.

तिला पोचवून दोघे वर आले, तेव्हा नैवेद्य तसाच पडला होता. शिष्य गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी थबकला. त्या दगडी कानाकडे बघायची त्याची छाती होईना. मग तो बाबांच्या पायाशी बसला आणि रडत रडत म्हणाला, ‘‘बाबा, रेखाईने तिची रेघच तेवढी ओढली असेल. हो ना? तेवढीच असेल ना?’’

हे विचारताना त्याचा चेहरा असा झाला होता, की दुसरा कोणीही ‘हो’ म्हणून मोकळा झाला असता. बाबा मात्र म्हणाले,

‘‘रेघ रेखाईच ओढते. नाही कोण म्हणतं? पण वज्रांकाची कथा तू इतक्यांदा सांगितलीस, एकदा तरी नीट ऐकलीस का? देवीने दिलेली शक्ती केवढी, की बाण अंगाला लागत नव्हता. ती शक्ती संपली कुठे? रणात नाही. एका उंबऱ्यावर, ताट ठेवून माघारी वळलेल्या माणसाच्या पाठीमागे. त्या दुपारी कोणी एक जण तिथे बसला असता आणि म्हणाला असता, ‘इळाई, तू घास घे, मी उठत नाही,’ तर तिने घेतला असता. माणूस समोर बसला, की बाईला नाही म्हणणं जड जातं. वज्रांक जन्मभर विचारत राहिला आणि ती ‘जेवले’ म्हणत राहिली. त्याने बघितलं नाही. गावानेही बघितलं नाही. म्हणून मी आधी बघून येतो. देवाला ऐकीव गोष्ट सांगायची नसते रे.’’

शिष्य हुंदके देत होता. बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ‘‘तू एकटाच चुकलास असं समजू नकोस. मी तुला रोज करून दाखवलं, पण कारण कधी सांगितलं नाही. दिसेल त्याला आपोआप, असं मला वाटलं. आता जा. आज त्याच्या कानात तूच सांग. जे खरं आहे ते.’’

शिष्य आत गेला. त्याने त्या गुळगुळीत कानाशी ओठ नेले. ‘‘आज आई जेवली नाही,’’ तो म्हणाला. ‘‘किती दिवस जेवली नव्हती. मी तुला खोटं सांगत होतो. मला ठाऊक नव्हतं.’’ त्या दिवशी नैवेद्य दाखवला गेला नाही.

थंडी पडू लागली तेव्हा एके सकाळी एक माणूस पायऱ्या चढून आला. अंगावर शिपायाचा फाटका डगला, एक पाय ओढत चालत होता. तो दौलत होता. खाली त्याला कळायचं ते कळलं होतं. पण शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सगळं सांगितलं नव्हतं, देवळात विचार म्हणून वर धाडलं होतं. लोक असेच असतात. वज्रांकाच्या गावचेही असेच होते.

तो सभामंडपात उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘तुम्हीच ताट घेऊन जायचात ना तिला? एवढं सांगा, शेवटी शेवटी आई जेवली होती का?’’

बाबा ओवरीत बसले होते. त्यांनी शिष्याकडे पाहिलं. ‘हो’ म्हणणं फार सोपं होतं. समोरच्या माणसाला तेवढाच आधार झाला असता, आणि याचीही सुटका झाली असती. पण हाच प्रश्न पूर्वी एका मरणाऱ्याने विचारला होता, आणि उत्तर ठाऊक असणारं तिथे कुणी नव्हतं. इथे निदान तो होता.

‘‘नाही,’’ तो म्हणाला. ‘‘तुम्ही सुखरूप यावं म्हणून त्यांनी उपास धरला होता. मी रोज ताट ठेवून परत येत होतो. त्या म्हणायच्या, मागून जेवते. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर जेवल्या असत्या. मला मारायचं असेल तर मारा.’’

दौलतच्या मुठी वळल्या. तो दोन पावलं पुढे आला. शिष्याने मान वर केली नाही. मग मुठी आपोआप सुटल्या आणि दौलत खांबाला धरून खाली बसला.

‘‘काय असायचं ताटात?’’ त्याने विचारलं.

‘‘भाकरी, वरण. भोपळ्याची भाजी. कधी कधी गूळ.’’

‘‘भोपळा लई आवडायचा तिला,’’ दौलत म्हणाला, आणि मग त्याचा बांध फुटला. ‘‘मी पण कधी थांबलो नाही हो. निघालो त्या दिवशी दारातूनच विचारलं, जेवलीस का गं. ती म्हणाली, जेवले. चुलीवर तर काहीच नव्हतं. मला दिसत होतं, चुलीवर काही नव्हतं.’’

शिष्य त्याच्याजवळ सरकला. दोघेही रडले. बाबांनी त्यांना रडू दिलं.

ऊन डोक्यावर येऊ लागलं तसा शिष्य उठला. चूल पेटवली, भाकरी केली, दुधात बारीक कुस्करली. गावाच्या टोकाला एक कुंभारीण एकटीच राहत असे. तिचे मुलगे परमुलखात गेले होते. शिष्य ताट घेऊन निघाला, तेव्हा दौलतनेही पाण्याचा तांब्या उचलला आणि पाय ओढत त्याच्या मागे चालू लागला.

कुंभारणीने दोघांना पाहिलं, पदर सावरला. ‘‘ठेवा लेकरांनो,’’ ती म्हणाली. ‘‘मी जेवते मागून. तुमची वर पूजा खोळंबली असंल.’’

दौलतने शिष्याकडे पाहिलं. शिष्याने तिच्यासमोर मांडी घातली.

‘‘सावकाश जेव, आई,’’ तो म्हणाला. ‘‘देव थांबेल.’’